रॉकेलच्या बादशहाचा ताळेबंद

रॉकेल आणि घासलेट हे दोन शब्द मराठी घरात इतके मुरले आहेत, की ते बाहेरून आले हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही. खडकातून निघणारे तेल म्हणून इंग्रजीत रॉक ऑइल, त्याचे आपल्या जिभेने केले रॉकेल. आणि गॅसलाइटचे केले घासलेट. गावात वीज येण्यापूर्वी ज्यांचे बालपण गेले, त्यांना दिवेलागणीच्या आधी कंदिलाच्या काचा राखेने लख्ख पुसून वातीची काजळी कातरण्याचे काम आठवत असेल. पुढे वातीचे स्टोव्ह आले, पंपाचे आले, रेशनच्या दुकानापुढच्या रांगा आल्या. पण या सगळ्यात मनात घर करून राहिला तो पत्र्याचा चौकोनी डबा. तेल संपले की त्या डब्याचा दुसरा जन्म सुरू होई. तोंड कापून आडवी लाकडी दांडी ठोकली की तो पाण्याचा डबा, झाकण बसवले की धान्याचा, आणि अगदीच गंजला की उलगडून गोठ्याच्या छपरावर ठोकायचा पत्रा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबई बंदरात अमेरिकन रॉकेल उतरत असे ते पाच गॅलनच्या अशाच डब्यांतून. एका लाकडी खोक्यात दोन डबे. परदेशी पाठवायचे हे डबे जिथे भरले जात, त्या कारखान्यात एकदा खुद्द मालक पाहणीला आला. झाकण सांधताना डाखाचे किती थेंब लागतात, असे त्याने विचारले. चाळीस लागत होते. अडतिसांत भागते का ते पाहा, असे त्याने सुचवले. अडतिसांवर काही डबे गळू लागले. एकोणचाळिसांवर मात्र एकही गळेना. तेव्हापासून एकोणचाळीस थेंबांचा नियम झाला. त्या एका थेंबाने पहिल्याच वर्षी अडीच हजार डॉलर वाचवले, आणि धंदा वाढत गेला तशी ही बचतही वाढत गेली.

हा मालक म्हणजे जॉन डेव्हिसन रॉकफेलर. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याचे नाव आपल्याकडेही दंतकथेसारखे घेतले जाई. आज तेलकंपन्यांची सामाजिक जबाबदारी, पर्यावरणाचे भान, पुढच्या पिढ्यांचा वाटा हे शब्द वार्षिक अहवालांच्या गुळगुळीत पानांवर सर्रास दिसतात. पण या शब्दांमागचा मूळ झगडा पाहायचा असेल, तर या एका माणसाच्या चरित्राकडे वळावे लागते. डाखाच्या थेंबाचाही हिशेब मांडणाऱ्या या माणसाच्या वहीत काय लिहिले गेले आणि काय कधीच लिहिले गेले नाही, यातच सगळी गोष्ट आहे.

दहा सेंटची वही

रॉकफेलरचा जन्म ८ जुलै १८३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रिचफर्ड या खेड्यात झाला. वडील विल्यम हे गावोगाव फिरून औषधे विकत. आपण कर्करोगही बरा करतो, अशी त्यांची जाहिरात असे. महिनोन् महिने ते घरातून गायब असत आणि एके दिवशी खिशात नोटांचे पुडके घेऊन उगवत. पुढे तर त्यांनी दुसऱ्याच नावाने दुसरा संसारही थाटला. आई एलायझा मात्र कडक शिस्तीची, धर्मभीरू, बाप्टिस्ट पंथाची निष्ठावान बाई. नवऱ्याच्या लहरीवर चालणाऱ्या घरात उधारी आणि अनिश्चितता यांच्याशी तिची रोजची गाठ होती. बेभरवशाच्या बापाच्या घरी वाढलेल्या मुलाला पैशाच्या पक्क्या नोंदीचे वेड लागावे, यात नवल ते काय?

लहानपणीच जॉनने टर्की पक्षी पाळून, विकून पैसे साठवले होते. त्यातले पन्नास डॉलर त्याने एका शेतकऱ्याला सात टक्क्यांनी उसने दिले. वर्षाने मुद्दल तर परत आलेच, वर साडेतीन डॉलर व्याज आले. दिवसभर उन्हात बटाटे खणून जेमतेम सदतीस सेंट मिळत. पैशाला आपल्यासाठी राबवता येते, हा धडा त्या पोराच्या मनावर कायमचा कोरला गेला.

पुढे हे कुटुंब ओहायो राज्यात क्लीव्हलँडच्या परिसरात आले. सोळा वर्षांचा जॉन नोकरीसाठी दीड महिना रोज सकाळी उठून शहरातल्या पेढ्यांचे उंबरे झिजवत होता. २६ सप्टेंबर १८५५ रोजी ह्यूइट अँड टटल या अडत पेढीने त्याला मदतनीस हिशेबनीस म्हणून ठेवून घेतले. हा दिवस तो पुढे आयुष्यभर सणासारखा साजरा करी. वाढदिवसापेक्षाही त्याला याचे अप्रूप जास्त. वर्षअखेरीस त्याला तीन महिन्यांचे मिळून पन्नास डॉलर मिळाले. दहा सेंट देऊन त्याने एक छोटी वही विकत घेतली आणि तिला नाव दिले ‘लेजर ए’, म्हणजे खतावणी क्रमांक एक.

बँकेच्या नोकरीत खतावण्या चाळण्यातच ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्याला या वहीचे भारी कुतूहल वाटते. किती मिळाले, जेवणाखाण्याला किती गेले, कपड्यांना किती गेले, हे सगळे तीत पै न् पै लिहिलेले आहे. पण त्याच पानांवर आणखी एका प्रकारच्या नोंदी आहेत. देवळाच्या वर्गणीला दिलेले सेंट, परदेशी धर्मकार्याला दिलेले सेंट, गरिबाला दिलेले सेंट. पहिल्या वर्षीच त्याने मिळकतीतला सुमारे सहा टक्के भाग दानात दिला होता. १८५९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, सिनसिनाटीतल्या एका कृष्णवर्णीय माणसाला आपल्या बायकोला गुलामगिरीतून सोडवून आणण्यासाठी त्याने पैसे दिल्याचीही नोंद आहे.

हे मुद्दाम सांगायचे कारण असे, की बक्कळ पैसा कमावल्यावर बोचणी लागली म्हणून रॉकफेलर दानाकडे वळला, असे सर्रास समजले जाते. ते खरे नाही. कमावणे आणि देणे ही दोन्ही कामे तो पहिल्या दिवसापासून बरोबरीने करत होता. दोन्ही त्याला देवाचीच आज्ञा वाटत. गफलत झाली ती या दोन रकान्यांच्या मध्ये कुठेतरी.

नदीत वाहणारे पेट्रोल

१८५९ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी एडविन ड्रेक याने जेमतेम सत्तर फूट खोल भोक पाडले आणि जमिनीतून तेल वर आले. तोवर बऱ्या घरांतले चांगले दिवे देवमाशाच्या तेलावर जळत, आणि ते तेल महाग होत चालले होते. आता कुणालाही परवडेल असा उजेड जमिनीखाली सापडला! मग जे व्हायचे तेच झाले. माणसांची झुंबड उडाली. टेकड्यांवरची झाडे तोडून बुरूज उभे राहिले, ओढ्यांवर तेलाचा तवंग पसरला, आगी लागल्या, रातोरात गावे वसली आणि उठली.

रॉकफेलरने या चिखलात पाय घातला नाही. विहीर लागणे हा जुगार. त्याला जुगाराचा तिटकारा. आलेले कच्चे तेल शुद्ध करून विकणे हा मात्र हिशेबाचा धंदा. १८६३ मध्ये त्याने भागीदारीत क्लीव्हलँडमध्ये शुद्धीकरणाचा कारखाना काढला. १८६५ मध्ये भागीदारांशी बिनसले तेव्हा कारखान्याचा आपसांत लिलाव झाला. बोली वाढत वाढत ७२,५०० डॉलरवर गेली आणि पंचविशीतल्या रॉकफेलरने तो घेतला. १० जानेवारी १८७० रोजी दहा लाख डॉलर भांडवलाची स्टँडर्ड ऑइल कंपनी जन्माला आली.

त्या काळात कच्च्या तेलातून रॉकेल काढले की उरलेले बाकीचे कचरा समजले जाई. पेट्रोलसुद्धा! मोटारी जन्मायला अजून अवकाश होता. पटकन पेट घेणारा हा द्रव काय करायचा, हे न कळून कितीतरी कारखानदार तो गुपचूप कायाहोगा नदीत सोडून देत. जाणाऱ्या आगबोटीतून पेटता कोळसा पडला की पाणीच पेटे. रॉकफेलरला हे खपण्यासारखे नव्हते. नदीची दया आली म्हणून नव्हे, तर पैसे वाहून जाताना पाहवत नव्हते म्हणून. त्याने ते पेट्रोल आपल्याच भट्ट्यांत इंधन म्हणून वापरले. गाळापासून वंगण, मेण आणि डांबर तयार केले. तेलाची पिंपे बाहेरून अडीच डॉलरला घ्यावी लागत. त्याने स्वतःचे लाकूड घेतले, ते जंगलातच वाळवून हलके केले म्हणजे वाहतूक कमी पडते हे हेरले, आणि पिंप एक डॉलरच्या आत आणले.

या सगळ्याचा फायदा गिऱ्हाइकालाही झाला. १८६५ मध्ये अमेरिकेत गॅलनभर रॉकेलला ५८ सेंट पडत. १८७० मध्ये २६ सेंट. आणि १८८० च्या दशकात दहा सेंटांच्याही आत. शेतकऱ्याच्या आणि कामकऱ्याच्या घरी सूर्यास्तानंतरही उजेड राहू लागला. पुढे समुद्र ओलांडून तो आपल्या ओसऱ्यांवरही पडला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने कंदिलापुढे बसून परीक्षा दिल्या, त्या उजेडाच्या स्वस्ताईत या माणसाच्या काटकसरीचाही वाटा आहे. त्याच्यावर टीका करताना हे ऋण विसरून चालणार नाही.

उधळपट्टी न करणे हा पर्यावरण राखण्याचा पहिला धडा मानला, तर रॉकफेलर त्यात पहिला आला असता. पण काटकसर आणि जबाबदारी या सख्ख्या बहिणी नव्हेत. जे वाचवण्यात पैसा आहे तेवढेच काटकसर वाचवते. ज्यात पैसा नाही, त्याचे काय?

बावीस कारखाने, दोन महिने

१८७२ च्या सुरुवातीला तीन मोठ्या रेल्वे कंपन्या आणि निवडक तेल शुद्धीकरणवाले यांनी मिळून एक गुप्त करार केला. त्यासाठी साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी असे निरुपद्रवी नाव घेतले. या कटात स्टँडर्ड ऑइलचा वाटा मोठा होता. योजना अशी, की रेल्वेने तेलवाहतुकीचे दर सर्वांनाच भरमसाट वाढवायचे, पण आतल्या मंडळींना मोठी सूट परत द्यायची. इथवर ठीक, मोठ्या गिऱ्हाइकाला सूट कोण देत नाही? पण पुढचे कलम विलक्षण होते. बाहेरच्या स्पर्धकाने भरलेल्या वाढीव भाड्यातलाही हिस्सा आतल्या मंडळींना मिळायचा होता. म्हणजे शेजारच्या दुकानात गिऱ्हाईक गेले, तरी आपल्या गल्ल्यात पैसे पडणार!

बातमी फुटली. तेलाच्या प्रदेशात लोक रस्त्यावर आले, सभा झाल्या, कच्चे तेल देणे बंद झाले. एकही पिंप त्या कराराखाली जाण्यापूर्वीच एप्रिलमध्ये कंपनीची सनद रद्द झाली. पण फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांत क्लीव्हलँडमधल्या सव्वीसपैकी बावीस स्पर्धकांनी आपले कारखाने रॉकफेलरला विकून टाकले होते. करार अमलात यायचीही गरज पडली नाही. त्याचे सावट पुरेसे होते. रॉकफेलरने त्यांना रोख रक्कम किंवा स्टँडर्डचे शेअर यांतले काहीही घेण्याची मुभा दिली, आणि शेअरच घ्या असा सल्लाही दिला. ज्यांनी तो मानला ते पुढे गडगंज झाले. ज्यांनी रोख घेतली, ते आयुष्यभर हळहळत राहिले. आपण त्यांना बुडत्या होडीतून बाहेर काढले, असेच रॉकफेलरला अखेरपर्यंत वाटत होते. त्या होडीला भोक कुणी पाडले, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारल्याचे दिसत नाही.

१८७० चे दशक संपता संपता अमेरिकेतल्या तेल शुद्धीकरणाचा सुमारे नव्वद टक्के धंदा एका माणसाच्या हाताखाली आला. १८८२ मध्ये सगळ्या कंपन्यांचे शेअर मोजक्या विश्वस्तांच्या हाती देऊन ट्रस्ट स्थापन झाला. विश्वास या अर्थाचा हा साधा शब्द पुढे मक्तेदारीचाच दुसरा अर्थ घेऊन बसला.

टाक्या बनवणाऱ्याची मुलगी

टायटसव्हिलमध्ये फ्रँकलिन टार्बेल नावाचा एक गृहस्थ होता. तेल साठवायच्या लाकडी टाक्या बनवणे आणि थोडाफार तेलाचा धंदा, अशी त्याची उपजीविका. रेल्वे-कराराविरुद्धच्या लढ्यात तो होता. स्टँडर्डपुढे लहान धंदेवाल्यांचा निभाव लागेना. टार्बेलच्या भागीदाराने आत्महत्या केली, राहते घर गहाण पडले. गाणे-हसणे करणारा बाप घरात मुका झालेला त्याच्या चौदा वर्षांच्या मुलीने पाहिला. तिचे नाव आयडा.

ही आयडा टार्बेल मोठेपणी पत्रकार झाली. नोव्हेंबर १९०२ पासून ‘मॅक्ल्युअर्स’ या मासिकात तिने स्टँडर्ड ऑइलचा इतिहास लिहायला घेतला आणि दोन वर्षे तो चालवला. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. कोर्टाचे जुने निकाल, चौकशी समित्यांपुढच्या साक्षी, धूळ खात पडलेली कागदपत्रे यांतून तिने एकेक धागा ओढून काढला. खुद्द कंपनीतल्या हेन्री रॉजर्स या बड्या अधिकाऱ्याशीही तिच्या भेटी होत राहिल्या. स्टँडर्डची कार्यक्षमता तिने मोकळेपणाने मान्य केली. तिचे म्हणणे एवढेच होते, की इतक्या कर्तबगार माणसांना सरळ मार्गाने जाऊनही मोठे होता आले असते. पण त्यांनी खेळ कधी नियमाने खेळलाच नाही. मोठेपणाला तिचा विरोध नव्हता, मोठे होण्याच्या रीतीला होता. कंपन्यांच्या जबाबदारीचा विचार आजही या वाक्याच्या पलीकडे फारसा गेलेला नाही.

रॉकफेलरने उत्तर दिले नाही. १५ मे १९११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे करण्याचा निकाल कायम केला. एका कंपनीच्या चौतीस कंपन्या झाल्या. नियतीची गंमत अशी, की या शिक्षेने रॉकफेलर आणखी श्रीमंत झाला. मोटारगाड्या रस्त्यावर आल्या होत्या. एके काळी नदीत ओतले जाणारे पेट्रोल आता सोन्याच्या मोलाचे झाले होते. सुट्या कंपन्यांचे भाव चढले आणि १९१३ च्या सुमारास त्याची मालमत्ता नव्वद कोटी डॉलरच्या घरात गेली.

दानाचा डोंगर आणि तंबूंची राख

याच काळात त्याचे दानही डोंगराएवढे वाढत होते. शिकागो विद्यापीठ त्याच्या पैशांवर उभे राहिले. अटलांटात कृष्णवर्णीय मुलींसाठी असलेल्या शाळेला त्याने हात दिला, तेव्हा तिला त्याच्या सासरचे स्पेलमन हे नाव मिळाले. १९०१ च्या जानेवारीत त्याचा लहानगा नातू तापाने गेला. त्याच वर्षी वैद्यकीय संशोधनाची रॉकफेलर संस्था स्थापन झाली. १९०९ मध्ये दहा लाख डॉलर देऊन अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या हुकवर्म या जंताविरुद्ध मोहीम निघाली. अनवाणी चालणाऱ्या गरिबांच्या पायांतून शिरून त्यांचे रक्त शोषणारा हा रोग, आणि त्यावर औषध होते अगदी स्वस्त. १९१३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आले. धर्मादाय पैसा मूळ कारणावर खर्च व्हावा, हा विचार त्याचा सल्लागार फ्रेडरिक गेट्स याने रुजवला.

या दानाची फळे आपल्या दारापर्यंत आली आहेत. कोलकात्याची आरोग्यशास्त्राची अखिल भारतीय संस्था १९३२ मध्ये याच फाउंडेशनच्या मदतीने उभी राहिली. पुण्यात १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. जानेवारी २०२० मध्ये देशातल्या पहिल्या करोना रुग्णाचे निदान पक्के झाले ते पुण्याच्या या प्रयोगशाळेत. एकोणचाळीस थेंबांच्या डब्यातून सुरू झालेला पैसा कुठे येऊन पोचला पाहा!

पण पैसा कुठे गेला एवढे पाहून भागते का? १९०५ मध्ये अमेरिकेतल्या एका मिशनरी मंडळाला रॉकफेलरने एक लाख डॉलर दिले, तेव्हा वॉशिंग्टन ग्लॅडन या धर्मोपदेशकाने हा कलंकित पैसा परत करा, असा आग्रह धरला. देशभर वाद पेटला. शेवटी कळले, की मंडळानेच ही देणगी मागितली होती. वाद हास्यास्पद रीतीने विझला; त्यातला प्रश्न मात्र विझला नाही.

त्याचे उत्तर नऊ वर्षांनी फार क्रूर रीतीने समोर आले. कोलोरॅडो राज्यातल्या कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न या कोळसा आणि पोलादाच्या कंपनीत रॉकफेलर घराण्याचा सुमारे चाळीस टक्के हिस्सा होता. १९१३ च्या सप्टेंबरमध्ये खाणकामगारांनी संप केला. कंपनीच्या घरांतून बाहेर काढलेली कुटुंबे लडलो येथे तंबू ठोकून राहिली. कारभार मुलगा जॉन धाकटा पाहत होता. दहा वर्षे तो तिकडे फिरकला नव्हता. स्थानिक व्यवस्थापकांच्या पत्रांवर त्याची भिस्त. एप्रिल १९१४ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याने व्यवस्थापनाची ठामपणे पाठराखण केली. दोनच आठवड्यांनी, २० एप्रिलला, राज्याच्या सशस्त्र दलाने तंबूंवर गोळीबार केला आणि तंबू पेटवले. सुमारे वीस माणसे मेली. त्यांत अकरा मुले आणि दोन बायका एका तंबूखाली जीव वाचवायला खणलेल्या खड्ड्यात गुदमरून गेल्या.

जगातल्या गरिबांच्या पायांतला जंत शोधणारे फाउंडेशन आणि ही राख, दोन्ही एकाच घराण्याच्या नावावर एकाच वर्षी होती. धाकटा जॉन मात्र हादरला. कॅनडाचे पुढे पंतप्रधान झालेले मॅकेंझी किंग यांना सल्लागार नेमून तो १९१५ मध्ये स्वतः कोलोरॅडोत गेला, खाणीत उतरला, कामगारांच्या घरी जेवला. व्यवस्थापनाकडे दाद मागण्याची रीत त्याने घालून दिली. ती अपुरी होती, कामगार संघटनेला तीत जागा नव्हती. पण मालकाने आपल्या पैशाच्या मुळाशी जाऊन पाहण्याची ती सुरुवात होती. बापाने हयातभरात जे केले नव्हते ते मुलाला करावे लागले.

म्हातारा रॉकफेलर पुढे गोल्फ खेळत, भेटेल त्याला दहा सेंटचे चकचकीत नाणे देत, फ्लोरिडातल्या ऑर्मंड बीच येथे २३ मे १९३७ रोजी वारला. वय सत्त्याण्णव. हयातीत त्याने सुमारे चोपन्न कोटी डॉलर दान केले होते.

वारसांनी उघडलेले खाते

माणूस गेला, धंदा राहिला. चौतीस तुकड्यांपैकी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क या दोन तुकड्यांच्या भागीदारीतल्या स्टॅनव्हॅक कंपनीने १९५४ मध्ये मुंबईत तुर्भ्याला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू केला. तो पुढे एस्सोचा झाला आणि १९७४ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्यावर हिंदुस्थान पेट्रोलियमचा. तिकडे अमेरिकेत तेच दोन तुकडे एक्झॉन आणि मोबिल म्हणून वाढले आणि १९९९ मध्ये पुन्हा एकत्र आले.

ज्या कायाहोगा नदीत पेट्रोल सोडले जाई, ती १९६९ मध्ये पुन्हा एकदा पेटली. त्या आगीने अमेरिकेची झोप उडवली आणि १९७२ चा स्वच्छ पाण्याचा कायदा होण्यास हातभार लागला. २४ मार्च १९८९ रोजी एक्झॉन व्हाल्डीझ हे जहाज अलास्काच्या खडकावर आदळून सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात सांडले. एका डाखाच्या थेंबासाठी जीव टाकणाऱ्याच्या वारस कंपनीकडून! त्या वेळी तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच असणे बंधनकारक नव्हते. १९९० च्या कायद्याने ते झाले. जूरीने पाच अब्ज डॉलरचा दंड ठोठावला होता. जवळजवळ वीस वर्षांच्या कोर्टकचेरीनंतर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सुमारे पन्नास कोटींवर आणला.

आणि सगळ्यात मोठी नोंद अजून व्हायचीच होती. तेल जाळल्यावर हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवतो, हे एक्झॉनच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अभ्यासले होते. कंपनीने नंतर वर्षानुवर्षे याच शास्त्राबद्दल जाहीरपणे शंका पसरवल्या, हे २०१५ मध्ये पत्रकारांनी उजेडात आणले. कंपनीला हा आरोप मान्य नाही. पण या शोधपत्रकारितेला पैसा पुरवणाऱ्यांत कोण होते? रॉकफेलर घराण्याचेच निधी. त्याआधी २००८ मध्ये घराण्यातल्या अनेक वारसांनी भागधारक म्हणून कंपनीला धोरण बदला असे सांगून पाहिले होते. कंपनीने ऐकले नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये रॉकफेलर बंधूंच्या निधीने दगडी कोळसा आणि तेल यांतली गुंतवणूक काढून घेत असल्याचे जाहीर केले. २०१६ मध्ये घराण्याच्या दुसऱ्या निधीनेही तेच केले. आयडा टार्बेलचे काम शंभर वर्षांनी रॉकफेलरच्या नातवंडा-पतवंडांनी हाती घेतले म्हणायचे!

आपल्या देशात कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. शाळा बांधल्या जातात, रुग्णवाहिका दिल्या जातात, झाडे लावली जातात. चांगलेच आहे. पण ही नफा झाल्यानंतरची गोष्ट झाली. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे आले, नदीत काय सोडून आले, कुणाच्या जमिनीवरून आले, पुढच्या पिढीच्या नावावर काय टाकून आले, हे दोन टक्क्यांच्या पावतीवर लिहिलेले नसते. सोळाव्या वर्षी सहा टक्के देणाऱ्या रॉकफेलरच्या दातृत्वाबद्दल शंकाच नाही. तरी लडलोचा खड्डा त्या सहा टक्क्यांनी बुजला नाही.

यात आपणही अगदी कोरडे राहत नाही. स्वस्त रॉकेलचा उजेड आपण घेतला, आज पेट्रोल दोन रुपयांनी उतरले की आपल्याला बरे वाटते. त्या किमतीत न धरलेला खर्च कुणीतरी कुठेतरी सोसतच असतो. पेनसिल्व्हेनियातला एखादा टाक्या बनवणारा, अलास्काचा कोळी, नाहीतर अजून न जन्मलेले आपलेच नातवंड.

रॉकफेलरची ती छोटी वही न्यूयॉर्क राज्यात त्याच्या कागदपत्रांच्या संग्रहात आजही जपून ठेवलेली आहे. तिच्यातल्या बेरजा अचूक आहेत. कोणताही हिशेब तपासनीस त्यांवर डोळे मिटून सही करील. पण ताळेबंद तपासताना जुने जाणते अधिकारी एक गोष्ट शिकवत असत. बेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा झाला असे समजू नये. कोणते खाते उघडलेच नाही, ते आधी शोधावे. रॉकफेलरच्या वहीतले ते न उघडलेले खाते त्याच्या वारसांनी शंभर वर्षांनी उघडले. त्यातली बाकी मोठी आहे, आणि तिच्यावरचे व्याज रोज चढते आहे.